क्रॉयडनचा खटला : वाचायचं कोणी?

डिसेंबर २०१७ मध्ये दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडन क्राउन कोर्टात बलात्काराचा एक खटला उभा राहिला आणि तिसऱ्या दिवशी सरकारी पक्षानेच तो सोडून दिला. आरोपी २२ वर्षांचा, ग्रीनिच विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र शिकणारा. त्याच्यावर १२ आरोप होते, सहा बलात्काराचे आणि सहा लैंगिक हल्ल्याचे. तोवर जवळजवळ दोन वर्षं तो जामिनावर होता. दोषी ठरला असता तर मोठी शिक्षा आणि लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत कायमचं नाव, हे ठरलेलंच होतं.

तिथल्या कायद्याने तक्रारदार स्त्रीचं नाव तिच्या हयातीत छापता येत नाही. आरोपीच्या नावाला असं संरक्षण नाही, त्यामुळे त्याचं नाव जगभर झालं. इथे मी दोघांचीही नावं देत नाही. वकिलांची देतो, कारण प्रकरण त्यांच्या कामाचं आहे.

या खटल्याच्या दोन गोष्टी प्रचलित आहेत. एका गोष्टीत खोटी तक्रार उघडी पडते, दुसरीत पोलीस पुरावा दडवतात. दोन्ही सांगायला सोप्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. वकिलीचा जो भाग ना सिनेमात दिसतो ना बातमीत, त्या भागावर हा खटला फिरला: कागद वाचणं. कोणी वाचले, कधी वाचले, वाचण्याचे पैसे कोणाला मिळतात आणि न वाचल्याचा भुर्दंड कोण भरतं.

आधी तिथली व्यवस्था. आपल्याकडे बॅरिस्टर म्हटलं की नावाआधीचं ‘बॅ.’ डोळ्यांपुढे येतं, बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले. १९६१च्या अधिवक्ता कायद्यानंतर आपल्याकडे सगळे ॲडव्होकेट झाले आणि ते ‘बॅ.’ शोभेपुरतं उरलं. इंग्लंडमध्ये मात्र कामाची वाटणी अजून शिल्लक आहे. अशिलाला भेटायचं, कागद जमवायचे, पत्रव्यवहार करायचा हे सॉलिसिटरचं काम. क्राउन कोर्टात उभं राहून साक्षीदार तपासायचे हे प्रामुख्याने बॅरिस्टरचं. सरकारच्या बाजूने क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस, म्हणजे सीपीएस, खटला तयार करते आणि अनेकदा एखाद्या चेंबरमधल्या, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कचेरीतल्या, स्वतंत्र बॅरिस्टरला ब्रीफ, म्हणजे खटल्याचे कागद आणि तो चालवण्याचं काम, देते. बलात्काराचे खटले सरकारतर्फे चालवायचे तर सीपीएसच्या खास यादीवर नाव असावं लागतं. पण यादीवर नाव आहे म्हणून तो माणूस कायमचा सरकारी वकील होत नाही. या आठवड्यात तो क्रॉयडनला सरकारतर्फे उभा असेल, तर पुढच्या महिन्यात किंग्स्टनला अशाच आरोपातल्या माणसाचा बचाव करत असेल. अशील आवडत नाही म्हणून काम नाकारायची मुभाही त्याला नसते. जुन्या कागदी ब्रीफच्या काळात सरकारी ब्रीफला पांढरी फीत असायची आणि बाकीच्यांना गुलाबी. एकाच टेबलावर दोन्ही रंगांचे गठ्ठे पडलेले असत. त्या पेशाचं याहून नेमकं चित्र मला सुचत नाही.

आपल्या वाचकाला खटकेल अशी आणखी एक बाब आहे. सरकारतर्फे उभा असलेला बॅरिस्टर हा तक्रारदाराचा वकील नसतो. तिची साक्ष तो तिच्याकडून घोटवून घेऊ शकत नाही, पुराव्याची तालीम करू शकत नाही. कोर्टात आल्यावर ओळख करून देणं, कामकाज कसं चालेल ते समजावणं, धीर देणं, एवढंच. आपल्याकडे पीडितेला निदान स्वतःचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देता येतो. तिथे खटल्यात तिची भूमिका साक्षीदाराची. तिच्या फोनमधून काय घेतलं, त्यातलं कोणाला दिलं, हे पुष्कळदा तिला शेवटपर्यंत नीट कळत नाही. पुढे याच गोष्टीवरून मोठा वाद झाला.

क्रॉयडनच्या खटल्यात सरकारतर्फे होते जेरी हेज. हे १९८३ ते १९९७ हार्लोचे काँझर्व्हेटिव्ह खासदार होते आणि फौजदारी वकिलीत मुरलेले. बचावासाठी ज्युलिया स्मार्ट. हेज यांच्या हातात ब्रीफ पडलं ते खटल्याच्या आदल्या दिवशी. तिकडे हे नवलाचं नाही. आधीच्या बॅरिस्टरचा दुसरा खटला लांबतो, ब्रीफ परत येतं, चेंबरमध्ये कामं वाटणारा क्लार्क फोन फिरवत बसतो आणि संध्याकाळी कोणाच्या तरी गळ्यात पडतं. दोन वर्षं चाललेला तपास एका संध्याकाळी समजून घ्यायचा आणि सकाळी ज्यूरीसमोर उभं राहायचं.

वाद होता संमतीचा. दोघांची ओळख, दोघांचे शरीरसंबंध, यावर भांडण नव्हतं. २००३च्या लैंगिक गुन्हे कायद्याप्रमाणे संमती म्हणजे स्वतःच्या निवडीने दिलेली मान्यता, आणि ती निवड करण्याचं स्वातंत्र्य व क्षमता त्या व्यक्तीकडे असली पाहिजे. सरकारला संबंध सिद्ध करावा लागतो, संमती नव्हती हे सिद्ध करावं लागतं आणि संमती आहे असं आरोपीला वाजवी कारणाने वाटत नव्हतं, हेही. तिसरा साक्षीदार नाही. अंगावर जखमा नसतात, किंवा असल्या तरी त्यांतून काही निघत नाही. १२ सामान्य माणसांनी दोघांचं ऐकायचं आणि ‘आमची खात्री झाली’ किंवा ‘झाली नाही’ एवढंच सांगायचं. अशा वेळी घटनेच्या आधी आणि नंतर दोघं एकमेकांशी, मैत्रिणींशी, मित्रांशी काय बोलले याला वजन येतं. पूर्वी हे बोलणं हवेत विरून जायचं. आता ते फोनमध्ये साठतं.

पोलिसांनी तक्रारदाराच्या फोनमधला सगळा मजकूर काढून घेतला होता. सुमारे ४०,००० संदेश. बचावपक्षाने ते वारंवार मागितले. उत्तर यायचं, त्यात खटल्याच्या उपयोगाचं काही नाही.

हे उत्तर येतं कसं ते जरा जवळून पाहू. तपासात जमलेलं पण सरकार स्वतःच्या बाजूने वापरत नाही अशा साहित्याला तिथे ‘न वापरलेलं साहित्य’ म्हणतात. १९९६च्या फौजदारी कार्यपद्धती आणि तपास कायद्यानुसार, सरकारची बाजू कमकुवत करू शकेल किंवा बचावाला मदत करू शकेल असं वाजवीपणे मानता येणारं सगळं साहित्य आरोपीला द्यावं लागतं. तपास अधिकाऱ्यानेही धागे दोन्ही दिशांनी ताणून बघायचे असतात, संशयिताकडे नेणारे आणि त्याच्यापासून दूर नेणारेसुद्धा. कागदावर नियम उत्तम आहे.

प्रत्यक्षात तो चालतो एका तक्त्यावर. फॉर्मचं नाव एमजी ६ सी. अनुक्रमांक, वस्तूचं वर्णन, ती कुठे ठेवली आहे, आणि सीपीएसच्या वकिलाने भरायचा रकाना. पोलीस हवालदार किंवा तपास अधिकारी वर्णन लिहितो. सीपीएसचा वकील ते वाचून शेजारी खूण करतो: द्या, तपासणीसाठी खुलं ठेवा, किंवा सी एन डी, म्हणजे उघडच देण्याजोगं नाही. वर्णन जर ‘तक्रारदाराच्या फोनचं डाउनलोड’ एवढंच असेल, तर वकील काय कप्पाळ ठरवणार? ४०,००० संदेश एका ओळीत बसतात आणि शेजारी तीन अक्षरं पडतात. बचावपक्षाला दिसते ती ओळ, संदेश दिसत नाहीत. म्हणजे आरोपीच्या सुटकेचा पुरावा आहे की नाही हे पहिल्यांदा ठरवतो तो अधिकारी, ज्याने त्याला अटक केली. दुसऱ्यांदा ठरवतो तो वकील, ज्याने त्याच्यावर आरोप ठेवले. आणि दुसरा पहिल्याच्या वर्णनावर विसंबतो.

यात कोणी डांबरट असायची गरज नाही. हाताखाली दहा-वीस प्रकरणं असलेला अधिकारी काही ठरावीक शब्द टाकून शोध घेतो, काही पानं चाळतो, खासगी गप्पा दिसतात, पुढे जातो. खटल्याच्या पाचच महिने आधी, जुलै २०१७ मध्ये, पोलीस आणि सीपीएस या दोघांच्याही तपासणी यंत्रणांनी मिळून या तक्त्यांवर अहवाल दिला होता. वर्णनं नेहमीच तोकडी असतात आणि वकील त्यांवर प्रश्न विचारत नाहीत, असा त्याचा सूर होता. तो वाचून कोणाची झोप उडाली नाही. अहवालांनी झोप उडत नसते.

ब्रीफ हातात आल्यावर हेज यांनी फोनबद्दल विचारलं. खासगी मजकूर आहे, देण्याजोगं काही नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. आता इथे सोपा रस्ता होता. आदल्या संध्याकाळी आलेलं ब्रीफ, अधिकाऱ्याने ‘काही नाही’ म्हटलेलं आहे, पुढे चला. हेज यांनी तो घेतला नाही. डाउनलोड बचावपक्षाला द्या, असं त्यांनी सांगितलं.

स्मार्ट यांच्या हातात डिस्क आली तेव्हा खटला सुरू झालेला होता. त्या रात्रभर वाचत बसल्या. ४०,००० संदेश एका रात्रीत शब्दन् शब्द वाचून होत नाहीत. तारखा धरून, नावं धरून, आरोपपत्रातल्या घटनांच्या आगेमागे वाचावं लागतं. ‘काय कुठे असेल’ याचा अंदाज लागतो तो सगळं प्रकरण डोक्यात असल्यामुळेच. स्मार्ट यांच्याकडे तो होता. अधिकाऱ्याने शोधताना आरोप डोळ्यांपुढे ठेवले होते, स्मार्ट यांनी बचाव ठेवला. मजकूर तोच आणि दिसलेल्या गोष्टी वेगळ्या. तक्रारदार नंतरही आरोपीकडे शरीरसंबंधांची मागणी करत होती, आणि जे झालं ते आपल्या मनाविरुद्ध नव्हतं असं मैत्रिणींना सांगत होती, अशा आशयाचे संदेश त्यात होते.

सकाळी ते हेज यांच्यापुढे आले. इथून पुढचा भाग मला या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. बचावाची वकील हे संदेश घेऊन उलटतपासात तक्रारदाराला चिरडू शकली असती. सरकारी वकील ‘ज्यूरी ठरवेल’ म्हणून बसून राहू शकला असता. तसं झालं नाही. हेज यांनी सरकार यापुढे पुरावा देणार नाही असं कोर्टाला सांगितलं आणि सरकारच्या वतीने आरोपीची माफी मागितली. न्यायाधीश पीटर गॉवर यांनी त्याला निर्दोष सोडलं आणि झाल्या प्रकाराची वरच्या पातळीवर चौकशी व्हावी असं म्हटलं.

सरकारी बॅरिस्टरने खटला जिंकण्यासाठी जिवाचं रान करू नये, न्यायदानाला हातभार लावावा, ही अपेक्षा इंग्लंडमध्ये दीडशे वर्षं जुनी आहे. भाषणांत ती सगळेच उद्धृत करतात. प्रत्यक्षात तिची कसोटी अशा सकाळी लागते, जेव्हा आपणच उभा केलेला खटला आपल्याच तोंडाने मोडायचा असतो. हेज यांना ते जमलं यामागे त्यांचा स्वभाव असेलच. पण आयुष्यभर दोन्ही बाजूंनी उभं राहिल्याने समोरच्या बाकावरून तीच मागणी पाचव्यांदा का येते आहे हे कळतं, असं मला वाटतं. फक्त सरकारतर्फे काम करणाऱ्या वकिलाला ती मागणी कटकट वाटू शकते. ज्याने स्वतः कधी ती मागणी केली आहे आणि ‘काही नाही’ हे उत्तर ऐकलं आहे, त्याच्या मनात पाल चुकचुकते.

आता एक कायदेशीर बारकावा, जो बातम्यांत जवळजवळ आला नाही. संदेश सापडले म्हणून ते आपोआप ज्यूरीपुढे जात नाहीत. १९९९च्या युवा न्याय आणि फौजदारी पुरावा कायद्याचं कलम ४१ तक्रारदाराच्या लैंगिक वर्तनाबद्दल प्रश्न विचारायला न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय मनाई करतं. आरोपीसोबतचं इतर वेळचं वर्तनही त्यात येतं. बचावाच्या वकिलाला लेखी अर्ज करावा लागतो: कोणता प्रश्न, कशासाठी, कलमातल्या कोणत्या फटीतून. तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्यासाठी विचारत असाल तर दार बंद. २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, जे तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालयही होतं, हे दार निष्पक्ष सुनावणीच्या हक्कासाठी थोडं किलकिलं केलं, पण अर्जाची पायरी तशीच राहिली.

क्रॉयडनच्या संदेशांत दोन जाती होत्या, आणि खटला पुढे चालला असता तर त्या वेगळ्या कराव्या लागल्या असत्या. घटनेबद्दल तिने मैत्रिणींना जे सांगितलं ते थेट मुद्द्याचं, कारण ते तिच्याच साक्षीच्या विरुद्ध जाणारं तिचंच आधीचं विधान. तिच्या कल्पना, आवडी, इतरांशी बोलणं हे वेगळं. त्यातलं पुष्कळसं ज्यूरीच्या कानांवर जाता कामा नये. वर्तमानपत्रांनी ही दोन्ही एकाच कढईत टाकून चविष्ट करून वाढली. डिस्क वाचताना चांगला बचाव बॅरिस्टर पहिला प्रश्न स्वतःलाच विचारतो, की यातलं मला विचारण्याचा अधिकार कशाचा आहे. स्मार्ट आणि हेज यांनी खटला थांबवला तो पहिल्या जातीच्या आणि नंतरच्या मागणीच्या संदेशांवर. सरकारची बाजू ज्यूरीला खात्री पटण्याइतकी उभी राहूच शकत नव्हती. ‘तक्रारदार खोटं बोलली’ असा निर्णय कोणत्याही न्यायालयाने दिला नाही. ज्यूरीला तिथवर जावंच लागलं नाही.

जानेवारी २०१८ मध्ये मेट्रोपोलिटन पोलीस आणि सीपीएस यांनी संयुक्त आढावा प्रसिद्ध केला. संदेश मुद्दाम दडवलेले नव्हते, अधिकाऱ्याच्या शोधाची पद्धत चुकली आणि वकिलांनी त्याला पुरेसे प्रश्न विचारले नाहीत, असा निष्कर्ष. दोन्ही संस्थांनी आरोपीची माफी मागितली. मग सीपीएसने देशभरातले बलात्कार आणि गंभीर लैंगिक गुन्ह्यांचे चालू खटले एकेक करून पुन्हा तपासले. ३,६३७ प्रकरणं पाहिली. त्यांपैकी ४७ प्रकरणं थांबवावी लागली जिथे साहित्य देण्यातल्या त्रुटी होत्या. ४७ म्हणजे टक्क्यांत फारच कमी, असं म्हणणारे होते. त्या ४७मध्ये आपला मुलगा असेल तर टक्केवारी सुचत नाही. आणि त्या ४७ तक्रारदारांपैकी काहींचं म्हणणं खरं असेल व खटला केवळ पोलिसांच्या ढिसाळपणामुळे मेला असेल, ही शक्यताही त्याच आकड्यात दडलेली आहे. तिच्याबद्दल मात्र कोणी अग्रलेख लिहिला नाही.

पैशांचं सांगतो, कारण त्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होत नाही. सरकारी कायदेशीर मदतीवर बचाव करणाऱ्या बॅरिस्टरला तेव्हा न वापरलेलं साहित्य वाचण्याचे वेगळे पैसे मिळत नव्हते. उभं राहण्याचे मिळत, दिवसांचे मिळत, सरकार वापरणार असलेल्या पानांच्या संख्येवर मिळत. ज्या रात्रीच्या वाचनाने हा खटला फिरला, त्या वाचनाला फीच्या कोष्टकात स्वतंत्र ओळ नव्हती. सप्टेंबर २०२० पासून ती आली: तीन तासांपर्यंतच्या वाचनाला सरसकट दीड तासाचे पैसे, त्याहून जास्त वेळ लागला तर हिशेब दाखवून. उशिरा आली तरी आली. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, फौजदारी बॅरिस्टर फीसाठी संपावर गेले तेव्हा त्यांच्यावर हव्यासाचा आरोप करणाऱ्यांनी ही ओळ वाचली असती तर बरं झालं असतं.

क्रॉयडनमधून यंत्रणेने धडा घेतला, पण उलटा. ‘फोन नीट वाचले नाहीत’ हा दोष होता. उपाय निघाला ‘सगळ्यांचे फोन घ्या’. एप्रिल २०१९ मध्ये पोलिसांनी देशभर एक छापील संमतिपत्र आणलं. तक्रार करायला आलेल्या स्त्रीने फोन द्यायला नकार दिला तर तपास पुढे जाणार नाही, असा त्याचा अर्थ लागत होता. ज्या बाईवर अनोळखी माणसाने हल्ला केला तिच्याकडेही वर्षानुवर्षांचे फोटो, डॉक्टरशी झालेलं बोलणं, आईशी झालेली भांडणं मागायची? त्यातून तपासाचा कोणता धागा निघणार होता? फोन महिनोन् महिने प्रयोगशाळेत पडून राहू लागले. बायका तक्रारी सोडून देऊ लागल्या. दोघींनी या संमतिपत्राला कायदेशीर आव्हान दिलं आणि जुलै २०२० मध्ये ते मागे घेतलं गेलं.

त्याच्या महिनाभर आधी अपील न्यायालयाने बेटर-जेम्स प्रकरणात व्यवहारी भाषेत घडी बसवली होती. साक्षीदाराचा फोन बघायचा तर त्याला कारण पाहिजे. काही सापडेल या आशेने जाळं टाकायचं नाही. एखाद्या माणसाशी झालेलं ठरावीक काळातलं बोलणं पुरत असेल तर तेवढंच घ्यायचं, स्क्रीनशॉट पुरत असतील तर फोन ताब्यात घ्यायचाच नाही. काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही हे तक्रारदाराला सांगायचं. तिने नकार दिला तर खटला आपोआप बंद होत नाही; बचावाचा वकील त्या नकाराबद्दल तिला विचारू शकतो आणि न्यायाधीश ज्यूरीला त्याबद्दल समजावू शकतो. २०२२च्या पोलीस, गुन्हे, शिक्षा आणि न्यायालये कायद्याने यातलं बरंचसं लेखी केलं. आता फोन मागताना दिलेल्या नोटिशीत, केवळ तुम्ही नकार दिला म्हणून तपास थांबणार नाही, हे लिहावंच लागतं.

मधल्या काळात सीपीएसचे आकडे घसरले होते. बलात्काराचे खटले २०१८-१९ मध्ये ३,०३४ होते, पुढच्या वर्षी २,१०२. दोषसिद्धी १,९२५ वरून १,४३९. सगळी घसरण क्रॉयडनच्या माथी मारणं चूक ठरेल. पोलिसांचं मनुष्यबळ, सीपीएसचं धोरण, कोर्टांतली तुंबलेली कामं अशी कारणं बरीच आहेत. पण एका खटल्याच्या धसक्याने सरकारी वकील इतके सावध झाले की कमकुवत दिसणारी प्रकरणं दारातूनच परत जाऊ लागली, असं तिथले लोक सांगत आणि मला ते पटतं. जून २०२१ मध्ये सरकारने या सगळ्याचा आढावा घेऊन पीडितांची माफी मागितली. साडेतीन वर्षांत दोन माफ्या, एक आरोपीला आणि एक तक्रारदारांना. दोन्हींच्या मुळाशी तेच: पुरावा गोळा करणाऱ्याला तो वाचायला ना वेळ ना शिकवण.

आपल्याकडे याचा संबंध लावायचा तर उलटतपासापासून सुरुवात करावी लागेल. १८७२चा पुरावा कायदा लिहिणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन इंग्लंडचेच बॅरिस्टर. बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार ‘सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ आहे असं दाखवून तिची साक्ष मोडायची मुभा त्या कायद्यात होती, आणि ती २००३ पर्यंत टिकली. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये घडलेलं, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराचं प्रकरण महाराष्ट्र विसरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं, त्यावर देशभर रान उठलं आणि १९८३ची कायदादुरुस्ती झाली. तेव्हापासून आपली चर्चा प्रश्न कोणते विचारावेत यावर राहिली, आणि ते योग्यच होतं.

न वापरलेल्या साहित्यावर मात्र आपण आत्ता कुठे बोलू लागलो आहोत. दोषारोपपत्रासोबत आरोपीला मिळतात ती सरकार वापरणार असलेली कागदपत्रं. तपास अधिकाऱ्याने जमवलं पण बाजूला ठेवलं, त्याचा बचावाच्या वकिलाला पत्ताच नसायचा. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी नियमांचा मसुदा घालून दिला. सरकार ज्यावर विसंबत नाही अशा जबाबांची, कागदांची आणि वस्तूंची यादीही आरोपीला द्या, असं त्यात आहे. पुढच्या वर्षी मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात, ज्या खंडपीठावर न्या. उदय लळीत होते, न्यायालयाने सरकारी पक्षाने हे पाळलंच पाहिजे असं बजावलं.

यादी, म्हणजे आपलाही एक तक्ता. त्यात उद्या ‘फिर्यादीच्या मोबाइलचा डेटा, पेनड्राइव्ह १’ अशी ओळ येईल. ती बघून सत्र न्यायालयातल्या बचावाच्या वकिलाने अर्ज करायचा आहे, की त्या पेनड्राइव्हमधलं अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं, अमुक दोघांतलं बोलणं पाहिजे, आणि का पाहिजे. पीडितेच्या वकिलाने उठून सांगायचं आहे, की बाकीचं कोणी बघायचं नाही. सरकारी वकिलाने त्याआधी तो पेनड्राइव्ह स्वतः उघडलेला असला पाहिजे. मुंबई-पुण्यात एका सरकारी वकिलाच्या टेबलावर किती फायली असतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यातलं अवघड वाक्य कोणतं हे सांगायला नको.